राजपुती लग्नाला जाताना

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा नगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा शेजार एकजिनसी नसतो. एका भिंतीपलीकडे गुजराती वाणी असतो, समोर माळवी ब्राह्मण असतो आणि गल्लीच्या टोकाला एखादे राठोड, चौहान किंवा सिसोदिया घराणे नांदत असते. रतलाम, सीतामऊ, सैलाना ही माळव्यातील संस्थाने तर राठोडांचीच होती. अशा घरातून लग्नाची निमंत्रणपत्रिका आली की आमच्या वर्गातील मुलींत एकच चर्चा सुरू होते : आपणही राजपुती पोशाख करून जावे काय? हल्ली तो बाजारात तयार मिळतो, भाड्यानेही मिळतो. तेव्हा प्रश्न पैशाचा किंवा हौसेचा तेवढा आहे, अशी कोणाची समजूत व्हावी. वस्तुतः तसे नाही. राजस्थानात वस्त्र ही एक भाषा आहे. रंग, किनार, बाही, डोक्यावरचा एखादा मणी, यांतील प्रत्येक गोष्ट त्या भाषेतील एकेक शब्द असून पाहणारा तो सहज वाचतो. भाषा न जाणता तिच्यातील वाक्य उच्चारले तर काय होते हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको. म्हणून या लेखात आम्ही त्या भाषेची बाराखडी मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या मराठीत वस्त्रांविषयीची क्रियापदे किती सूक्ष्म आहेत पाहा. साडी नेसतात, अंगरखा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि दागिने लेतात. राजपूत स्त्रीच्या वेषात यांपैकी बहुतेक क्रिया एकाच वेळी घडतात, कारण तो वेष चार वस्त्रांचा बनलेला आहे. कमरेखाली घाघरा, अंगाशी कांचळी, तिच्यावर कुर्ती आणि या सर्वांवरून डोक्यापासून कमरेपर्यंत ओढणा. या चौघांना मिळून ‘पोशाख’ अशी संज्ञा आहे. आपण पोशाख हा शब्द कोणत्याही कपड्यांस लावतो. तिकडे स्त्रियांच्या संदर्भात ‘पोशाख’ म्हटले म्हणजे हाच चौकडीचा वेष समजावयाचा.

घाघऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण बाजारात फसगत होते ती येथेच. खरा घाघरा हा सरळ कापडाला कमरेशी चुण्या घालून शिवलेला परकर नव्हे. वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा तिकोनी पट्ट्या एकमेकींस जोडून तो सिद्ध होतो. या पट्ट्यांस कळ्या म्हणतात. कळ्यांची संख्या जितकी मोठी तितका घेर मोठा, आणि तरीही कमरेशी कापडाचा बोजा होत नाही. चालताना तो घाघरा घंटेसारखा डोलतो तो या शिलाईमुळे. ऐंशी कळ्यांचा घाघरा राजस्थानी लोकांच्या तोंडी म्हणीसारखा बसला आहे. लग्नाला जाणाऱ्या पाहुणीला अर्थातच इतक्या कळ्यांची गरज नाही.

कांचळी म्हणजे आखूड चोळी. तिला बाह्या असतात, परंतु पाठ जवळजवळ नसतेच. पाठीवर नाड्यांनी ती बांधावयाची असते. हा शब्द ऐकताच आपल्या संतवाङ्मयातील ‘कांचोळी’ची आठवण व्हावी. दोन्ही शब्द संस्कृतातील कंचुकाच्या कुळातले. कांचळीवर येणारी कुर्ती बिनबाह्यांची, सैल आणि कमरेखालपर्यंत पोचणारी असते. तिच्या गळ्याभोवती कलाकुसर दाटलेली असते. म्हणजे बाह्या आतल्या वस्त्राच्या आणि अंग बाहेरच्या वस्त्राचे, अशी ही मोठी चतुर वाटणी आहे. उघड्या पाठीवर कुर्ती येते, कुर्तीवर ओढणा येतो, आणि मरुभूमीच्या उन्हाळ्यात अंगाला वाराही लागतो. आजच्या शिंप्यांनी कांचळीला पाठ आणि आकडे लावून तिची साधी चोळी केली आहे. सोयीच्या दृष्टीने ते ठीकच झाले. परंपरेने कांचळी-कुर्तीची ही जोडी विवाहितांची. अविवाहित मुलींसाठी ‘पुठिया’ नावाचे निराळे वस्त्र असे. आता हा भेद शहरांतून पुष्कळसा लोपला आहे, आणि कुमारिकांनी कांचळी-कुर्ती घातलेली कोणाच्या डोळ्यांस खुपत नाही.

येथे एक विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. ‘कांचळी’ या शब्दातील ळ पाहा. हिंदीत हा वर्ण नाही, परंतु राजस्थानीत आहे, गुजरातीत आहे, मराठीत आहे आणि आमच्या मातृभाषेत, म्हणजे कोंकणीतही आहे. त्याहून गंमत ‘लुगडे’ या शब्दाची. आपण ज्याला लुगडे म्हणतो ते नऊवारी वस्त्र. राजस्थानात लूगडी म्हणजे डोक्यावरून घ्यावयाची ओढणी. शब्द एकच, परंतु एकीकडे तो कमरेला गुंडाळला गेला आणि दुसरीकडे डोक्यावर चढला. कोंकणीत तर साडीला नुसते ‘कापड’ म्हणतात. असो.

पोशाखाचा प्राण मात्र ओढण्यात आहे. घाघरा, कांचळी आणि कुर्ती ही अंग झाकतात. बोलतो तो ओढणा. त्याचे एक टोक घाघऱ्याच्या कमरेत एका बाजूला खोचतात, मग तो मागून डोक्यावर घेऊन दुसरे टोक खांद्यावरून पुढे सोडतात. डोक्यावर तो टिकून राहणे ही सवयीची बाब आहे. नवख्या मुलीने दोन टाचण्या लावाव्यात आणि लग्नघरी जाण्यापूर्वी घरीच तासभर वावरून पाहावे. पाय अडखळतात ते घेरामुळे नव्हे, खोचलेल्या टोकामुळे, हे त्यातून लक्षात येईल.

ओढण्याच्या रंगकामाच्या दोन पद्धती सर्वांत प्रसिद्ध आहेत : बांधणी आणि लहेरिया. बांधणीत कापडाचे कण चिमटीत उचलून दोऱ्याने घट्ट आवळतात आणि मग कापड रंगात बुडवितात. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही. तेथे ठिपका उरतो. रंग नेहमी फिक्याकडून गडदाकडे जातात. पहिल्या गाठी पांढऱ्या कापडावर बांधून ते पिवळ्या रंगात घालावयाचे, मग पिवळे राखावयाचे त्या जागी गाठी बांधून लाल रंगात, आणि शेवटी अधिक गडद रंगात. एकेका ओढण्यावर अशा शेकडो, कधी हजारो गाठी बसतात. जोधपूर, जयपूर, बीकानेर आणि सीकर ही या कामाची राजस्थानातील ठिकाणे. कच्छ आणि जामनगर ही गुजरातेतील. दुकानदार पुष्कळदा गाठी न सोडताच कापड विकतात. गिऱ्हाइकासमोर दोन्ही टोके धरून कापड ताणले की दोरे तटातट सुटतात आणि नक्षी प्रकट होते. हे छापील नसून खरोखर बांधलेले आहे याची ती जागच्या जागी दिलेली साक्ष. छापील बांधणी ओळखावयाची असेल तर ठिपके निरखावेत. हाताने बांधलेल्या कापडात कोणतेही दोन ठिपके अगदी एकासारखे एक नसतात, आणि गाठीच्या जागी कापडाला बारीक सुरकुती व फुगीरपणा राहतो.

लहेरियात गाठींऐवजी गुंडाळी असते. कापड एका कोपऱ्यापासून तिरपे गुंडाळून त्याचा दोर करतात, ठरावीक अंतरावर तो आवळून बांधतात आणि रंगवितात. उलगडल्यावर तिरप्या लाटा दिसतात. तेच कापड पुन्हा विरुद्ध कोपऱ्यापासून गुंडाळून रंगविले की लाटा एकमेकींस छेदून चौकडी पडते. तिला मोठडा म्हणतात. लहेरिया ही श्रावणाची आणि तीजेच्या सणाची खूण. ऐन हिवाळ्यातील लग्नात कोणी लहेरिया नेसला तर तो अपशकुन होत नाही, परंतु जाणती आजी मनात हसेल, जशी आपल्याकडे वैशाखात कोणी संक्रांतीची चंद्रकळा नेसली तर हसेल.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. ‘पीळा’ किंवा ‘पीळिया’ नावाचा एक अतिशय देखणा ओढणा असतो. पिवळी भूमी, लाल काठ आणि मध्ये मोठी कमळासारखी लाल वर्तुळे. दुकानात टांगलेल्या ओढण्यांत नजर प्रथम त्याच्यावरच जाते, आणि पिवळा रंग आपल्याकडे हळदीचा, मंगलाचा. तेव्हा एखादी मुलगी तो हौसेने उचलणार हे उघड आहे. परंतु पीळा हा बाळंतिणीचा मान आहे. मूल झाले म्हणजे माहेरची माणसे मुलीसाठी पीळा आणतात, तो घेऊन ती जलपूजनाला, म्हणजे विहिरीच्या पूजेला, जाते. पूर्वी हा मान मुलगा झाल्यावरच मिळे. तो वस्त्रातला भेदभाव आज राजस्थानातील पुष्कळ घरांनी टाकून दिला आहे आणि मुलीच्या जन्मानंतरही पीळा येतो, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि तो मातेचाच ओढणा आहे, यात फरक पडलेला नाही. कुमारिकेने तो घेऊन मांडवात जाणे म्हणजे न समजता फार मोठे विधान करणे होय. यजमान सभ्य असतात, ते काही बोलणार नाहीत. परंतु मुलीच्या आईला मात्र दहा बायका आडून आडून विचारतील. आपल्याकडे वधूस नेसवितात त्या अष्टपुत्रीच्या नावातही आठ पुत्रांचा आशीर्वाद दडलेला आहे. वस्त्रावर संततीची इच्छा लिहिण्याची ही रीत दोन्हीकडे आहे. तिकडे ती जन्मानंतर लिहितात, आपण आधीच लिहून मोकळे होतो.

चुनडीविषयीही असेच जपावे. लाल भूमीवर ठिपक्यांची चुनडी ही सौभाग्याची आणि विशेषतः वधूची. लग्नात वधूच्या किंवा वराच्या आईला तिचा भाऊ ‘मायरा’ घेऊन येतो. त्यात कपडे, दागिने, रोकड जे असेल ते असते, पण मुख्य क्षण तो बहिणीच्या डोक्यावर चुनडी घालतो तो. नरसी मेहता आणि नानीबाई यांची कथा राजस्थान-गुजरातेत घरोघर सांगितली जाते ती या मायऱ्याचीच : दरिद्री पित्याला मुलीच्या घरचा मायरा भरता येईना, तेव्हा स्वतः भगवंताने तो भरला. ज्या घरातील भाऊ दिवंगत झाला असेल त्या घरी हा प्रसंग किती जड जात असेल याची कल्पना करावी. आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यावर आणून उभी करतो, माहेरचा आहेर येतो. त्यामुळे हा विधी मराठी माणसाला परका वाटू नये. वराकडून वधूसाठी जे कपडे व अलंकार येतात त्यांना ‘पडला’ म्हणतात आणि फेऱ्यांच्या वेळी वधू ते परिधान करते. सारांश, मांडवात तांबड्या चुनडीची जागा ठरलेली असते. पाहुणीने केशरी, गुलाबी, हिरवा, मोरपंखी, जांभळा असा कोणताही रसरशीत रंग घ्यावा आणि गर्द लाल तेवढा वधूसाठी सोडावा.

दागिन्यांत दोन गोष्टी ध्यानी ठेवल्या म्हणजे पुरे. कपाळावर भांगाच्या टोकाशी बसणारा गोल मणी, ज्याला बोर, बोरला किंवा रखडी म्हणतात, तो सौभाग्यचिन्हांत मोडतो. हातातील चूडाही तसाच. मनगटापासून दंडापर्यंत चढत जाणाऱ्या बांगड्यांचा तो संच विवाहितेचा आहे. अविवाहित मुलींनी हे दोन्ही वगळावेत. गळ्यातील आड, कानातील झुमके, बाजूबंद, पायातील पैंजण यांवर हौस खुशाल फेडावी. चूडा पूर्वी हस्तिदंताचा असे. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर 1986 पासून टप्प्याटप्प्याने संपूर्ण बंदी आली. आताचे चूडे लाखेचे किंवा प्लास्टिकचे असतात, आणि हत्तींच्या दृष्टीने पाहता यापेक्षा शोभिवंत चूडा दुसरा नाही.

रंगांच्या या भाषेची एक बाजू वेदनेची आहे आणि ती झाकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंपरेने विधवेला तांबडा, केशरी, हिरवा हे रंग वर्ज्य. तिच्या वाट्याला पांढरा, राखाडी, कत्थई, गडद निळा असे विझलेले रंग येत, आणि शुभकार्यात तिने पुढे येऊ नये असाही संकेत असे. आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे आपल्याच घरांत घडत आले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने 2022 साली या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची वार्ता व्हावी लागली यातच सर्व आले. आमच्या विद्यार्थिनींपैकी काहींच्या माता विधवा आहेत आणि निमंत्रण आले की ‘मी काय नेसू?’ हा प्रश्न त्यांना खरोखर पडतो. आमचे उत्तर असे : आवडेल ते नेसावे. पाहुण्या स्त्रीकडून यजमानाच्या कुळाचारातील वैधव्याचे रंग पाळण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. केवळ काळा आणि पूर्ण पांढरा असे दोन रंग सर्वांनीच टाळावेत. काळा रंग मंगलकार्यात आपल्याकडेही चालत नाही, आणि पांढरा तेथे शोकाचा म्हणून वाचला जातो.

परंपरा म्हणून आपण ज्याकडे पाहतो तिचे वय मोजून पाहणेही उद्बोधक असते. आज राजपुती पोशाख म्हटला की डोळ्यांपुढे शिफॉन आणि जॉर्जेटचे तलम, झुळझुळीत ओढणे येतात. ही कापडे मूळची परदेशी. आपल्याकडे ती विसाव्या शतकात रुळली. जुन्या मेवाडी, मारवाडी चित्रांतील स्त्रियांचे ओढणे पारदर्शक दिसतात खरे, परंतु ते मलमलीचे. शिफॉनला राजघराण्यांत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह त्यांनी 1911 साली स्वतः मोडला आणि 1913 साली कूचबिहारचे जितेंद्रनारायण यांच्याशी विवाह केला. फ्रान्समधून साडीच्या मापाचे शिफॉन त्या विणवून घेत असे सांगतात. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी 1940 साली जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्या महाराणी झाल्या आणि त्यांच्या शिफॉनच्या साड्या साऱ्या देशात प्रसिद्धी पावल्या. तेव्हा चित्रपटांतील चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राण्यांची वस्त्रे पाहून कोणी शिंप्याला नमुना देऊ नये. ती वेषभूषाकाराची कल्पनाचित्रे असतात. पाहण्यास सुंदर आणि नेसण्यास पंधरा किलोची.

मुलांनी आतापर्यंतचा मजकूर कंटाळून वाचला असेल. आता त्यांच्याकडे वळतो. पुरुषवेषाचे शिखर म्हणजे साफा. पगडी आणि साफा यांत भेद आहे. पगडीचे कापड वीतभर रुंद आणि वीस मीटरहूनही लांब असते. साफ्याचे सुमारे नऊ मीटर लांब आणि मीटरभर रुंद. जोधपुरी साफा उंच, गोलसर, आणि पाठीवर त्याचा शेव रुळतो. मेवाडची पाग चपटी व बसकी; तिचे अमरशाही, उदयशाही, स्वरूपशाही असे प्रकार राण्यांच्या नावांवरून ओळखले जात. आपल्याकडच्या शिंदेशाही पगडीच्या नावाची घडण अगदी हीच आहे. मेवाडच्या महाराण्यांच्या डोक्यास पाग बांधणारा सेवक ‘छाबदार’ म्हणून ओळखला जाई. श्रावणात लहेरियाची, दसऱ्यास मदील नावाची, होळीस फुलापानांच्या छपाईची आणि विवाहात मोठड्याची, अशी पगड्यांची ऋतुचर्या होती. केशरी हा शौर्याचा व उत्सवाचा रंग. पांढरा किंवा खाकी साफा शोकाचा. तो उतरवून रंगीत पगडी बांधण्याचा विधी नातलगांच्या समक्ष होतो, आपल्या दुखवट्याच्या आहेरासारखा.

व्यवहाराच्या दृष्टीने मुलांनी साफा विकत घेण्याचे काहीच कारण नाही. बहुतेक राजपुती लग्नांत वऱ्हाड निघण्यापूर्वी साफे बांधणारा माणूस दाराशी बसतो आणि यजमानाकडून पाहुण्यांना साफा बांधला जातो. तो मान आहे, खेळ नव्हे. बांधताना मान ताठ ठेवावी, हसून हलू नये, आणि एकदा बांधल्यावर तो जमिनीवर किंवा खुर्चीवर टाकू नये. पगडी पायाखाली येणे हा तेथे मोठा अपमान समजला जातो. कलगी, सरपेच आणि तुरा ही नवरदेवाची भूषणे, ती इतरांनी लावू नयेत. तलवारीचेही तसेच. तिलकाच्या वेळी वधूपक्षाकडून वरास तलवार दिली जाते आणि तोरणाला स्पर्श करावयाचा तो वराने. मित्रांनी छायाचित्रासाठी ती मागणे शोभत नाही. अंगावर बंद गळ्याचा जोधपुरी कोट आणि साधी विजार पुरेशी आहे. मांडीशी फुगीर आणि पोटरीशी घट्ट अशा ज्या विजारीला जगभर ‘जोधपूर’ म्हणतात, तिची कीर्ती 1897 साली इंग्लंडात पसरली. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवास जोधपूरचे सर प्रतापसिंह पोलो खेळणारा संघ घेऊन गेले होते, त्या वेळची ही गोष्ट.

परंतु साफ्याचा आणि घोड्याचा मान सर्वांना मिळत आला असे समजू नये. संस्थानी काळात कोणी कोणता रंग, कोणता दागिना, कशी पगडी वापरावी यावर जातीनुसार बंधने होती. शेखावाटीत सीकरकडील खूडी गावी 1935 च्या सुमारास जाट नवरदेव घोड्यावरून मिरविण्यावरून मोठा तंटा झाला. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटली तरी राजस्थानच्या काही गावांत दलित नवरदेवाची वरात पोलिसांच्या पहाऱ्यात काढावी लागल्याच्या बातम्या अजून वाचावयास मिळतात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. जो साफा आपल्याला पाहुणे म्हणून दारात आदराने बांधला जातो, तो डोक्यावर घेण्यासाठी त्याच मातीतल्या कोणाला तरी पोलीस बोलवावे लागतात, हे साफा बांधून घेणाऱ्याला ठाऊक असावे. दुसरीकडे हेही खरे की राजपुती पोशाख आता रावळ्यांच्या भिंतींत कोंडलेला नाही. राजस्थानातील कितीतरी समाजांच्या स्त्रिया तो लग्नकार्यात हौसेने घालतात.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते जिचे त्या घराशी खरोखर जाणे-येणे आहे, जिला वधूने किंवा तिच्या आईने ‘तू आमचा पोशाख घाल’ असे म्हटले आहे, तिने तो अवश्य घालावा, आणि ओढणा निवडताना त्याच घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला सोबत न्यावे. शेजारच्या ‘काकीसा’ किंवा ‘भाभीसा’ यांना विचारले तर त्या दुकानात तर येतीलच, कदाचित स्वतःच्या पेटीतील ओढणाही काढून देतील. ओळख केवळ निमंत्रणपत्रिकेपुरती असेल तर आपली माहेश्वरी किंवा चंदेरी साडी काय वाईट आहे? माहेश्वरचा विणकाम-व्यवसाय अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात वाढविला, चंदेरी ग्वाल्हेर राज्यातली. माळव्याच्या मांडवात या दोन साड्या कधीच परक्या नव्हत्या. एखाद्या आजीने नऊवारी नेसून जावे, तिच्याभोवती राजपूत स्त्रिया जमतील आणि कासोटा कसा घालतात ते विचारतील. पदर मात्र डोक्यावरून घ्यावा. ज्येष्ठांसमोर डोके झाकलेले असणे तेथे शिष्टाचारात मोडते. पाहुण्या मुलींनी तोंड झाकण्याची, म्हणजे घूंघट काढण्याची, आवश्यकता नाही.

विकत घ्यावयाचा झाल्यास गोट्याचे काम नीट पाहावे. गोटा म्हणजे सोनेरी-रुपेरी विणलेली पट्टी; ती कापून, दुमडून पानाफुलांच्या आकारात कापडावर टाचतात. जयपूरचे हे काम प्रसिद्ध आहे. पूर्वी त्यात खरी चांदी असे, आता बहुधा चकाकणारा कृत्रिम धागा असतो. त्यात कमीपणा नाही, परंतु चिकटवलेला गोटा आणि टाचलेला गोटा यांत फरक आहे. कापड उलटे करून पाहावे. मागे टाके दिसले तर घ्यावे. उदयपूरकडे ‘डंका’ नावाच्या धातूच्या लहान चौकोनी पत्र्यांचे काम होते. ते भारी आणि महाग, शाळकरी मुलीला उपयोगाचे नाही. भाड्याचा पोशाख घेतल्यास घाघऱ्याची उंची चप्पल घालून तपासावी आणि कुर्ती सैलच निवडावी, कारण आत कांचळी येते.

लग्नाहून परतल्यावर पोशाख लगेच घडी घालून पेटीत टाकू नये. रात्रभर सावलीत पसरून ठेवावा, घामाची ओल जाऊ द्यावी. बांधणीचा ओढणा पहिल्या काही धुण्यांत रंग सोडतो. तो एकटाच थंड पाण्यात बुडवून न पिळता वाळत घालावा. गोट्यावर इस्त्री फिरवू नये आणि अत्तर शिंपडू नये. खऱ्या जरीचा तर काळवंडून जाईल. जुन्या मलमलीच्या किंवा सुती धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळून तो ठेवावा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून घडीची जागा बदलावी, म्हणजे कापड घडीवर विरत नाही.